शेपटीवर उभा कल्की

आता जे सांगणार आहे त्यावर कुंभकोणातल्या एकाही शहाण्या माणसानं आजवर विश्वास ठेवलेला नाही. खुळ्यांनी ठेवला, पण खुळे काय, जाहिरातींवरही ठेवतात. तुम्हीही ठेवणार नाही, आणि त्यावाचून माझं काही अडत नाही. मी चाळीस वर्षं नाच्चियारकोविलच्या पितळी समया विकल्या आहेत. समईवरचा हंस कार्तिकात पंख झटकतो असं सांगून मी समई विकलेली आहे, आणि तेच गिऱ्हाईक पुढच्या वर्षी येऊन 'होय, झटकले' म्हणत दुसरी घेऊन गेलेलं आहे. एवढं झाल्यावर माणसाला खोटं बोलायची हौस उरत नाही.

गोष्ट एका खेळण्याची आहे. त्याला खेळणं म्हणवत नाही, पण दुसरा शब्द घरातल्या बायकांपुढं वापरता येत नाही.

शहाण्णव साली महालय अमावास्येच्या दुपारी माझा धाकटा भाऊ वेणुगोपाळ याच्या घरून मला बोलावणं आलं. साक्ष द्यायला. घरात कोलूच्या पायऱ्या लागत होत्या. आम्ही तंजावरकडचे मराठी; पूर्वज राजांच्या मागून खाली आले, भाषा तेवढी सांभाळली, आणि बाकी इथलं जे बरं दिसलं ते उचललं. त्यातलं सगळ्यात बरं म्हणजे हा कोलू. नवरात्रात लाकडी पायऱ्या रचायच्या, त्यांवर पांढरं धोतर अंथरायचं, आणि सासूकडून सुनेकडं आलेल्या मातीच्या बाहुल्या ओळीनं बसवायच्या. सगळ्यात वर कलश. सगळ्यात खाली, जमिनीवर, वाळू पसरून पोरांची बाग: आरशाचं तळं, रबराची बदकं, मोहरी पेरून उगवलेलं गवत, आणि घरातलं जे मोडकंतोडकं असेल ते.

दुसरी पायरी दशावतारांची. नऊ अवतार मातीचे, आमच्या आजीच्या वेळचे. दहाव्या जागी, कल्कीच्या जागी, काचेच्या पेटीत एक लाल-पिवळं प्लास्टिकचं धूड. रोबो म्हणतात त्याला. मुरगाळलं की त्याचा घोडा होतो, असा त्याच्यावर आरोप आहे.

माझ्या भावाची सून वत्सला वैशाखात लग्न होऊन आलेली. तिरुचीला कॉलेज झालेली, बोलायला सरळ. तिनं माहेरून मातीचा कल्की आणला होता: पांढरा घोडा, वर स्वार, हातात तलवार. एका कुंभारानं तिच्यासाठी मुद्दाम एकटाच करून दिलेला. तिनं सासूला मानानं विचारलं, की आता खरा कल्की आला आहे, तर ती पेटी आत माळ्यावर ठेवू का.

सासू म्हणजे कृष्णवेणी. ती भांडत नाही. कमरेची किल्ली बोटावर घेते आणि हळू बोलते.

"वत्सले, ते खेळणं नव्हे. सत्त्याऐंशी साली नवरात्रभर साक्षात विष्णू, आपले पेरुमाळ, त्यात उतरले होते. भाऊजींनी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना बोलावू. त्यांच्या सांगण्यात एक जरी खोट निघाली, तर मी माझ्या हातानं ते पायरीवरून उतरवीन."

माझ्या सांगण्यात एक खोट! म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवायचं आणि वर सायीचा हिशेब मागायचा. पण मी गेलो. तिचं काय पणाला लागलं होतं ते त्या घरात मलाच नीट ठाऊक होतं. ती पेटी खाली उतरली की कृष्णवेणी पुन्हा एकदा सासूचा कल्की फोडणारी सून होणार होती, आणि तेही आपल्या नव्या सुनेच्या देखत.

कॉफी आली. मी झोपाळ्यावर बसलो. कृष्णवेणी खाली बसून बाहुल्यांच्या अंगावरचा पेंढा झटकत होती. वत्सला तिचा कल्की मांडीवर घेऊन समोर. मी सुरुवात केली.

सत्त्याऐंशीच्या आदल्या वर्षी आमची आई गेली. वर्षभर कोलू नव्हता. म्हणून तो कृष्णवेणीच्या हातचा पहिलाच कोलू. आणि त्यावर सगळ्यांत जास्त डोळा होता तो माझ्या सख्ख्या बहिणीचा, तुळसीचा. तुळसी तंजावरला दिलेली. ती घरात शिरते तेव्हा आधी नजर येते, मग पिशवी, मग ती. बाहुल्यांचा पेटारा आईनं आपल्याला द्यायला हवा होता असं तिचं म्हणणं. आईनं दिला सुनेला. तेराव्याला चार वडीलधारी बसलेली असताना तुळसीनं सगळ्यांकडून वदवून घेतलं होतं, की सुनेच्या हातून एक जरी बाहुली फुटली, तर पेटारा तंजावरला जाईल. वडीलधाऱ्यांना घरी जायची घाई होती. त्यांनी माना हलवल्या.

आणि अमावास्येला पेटारा उघडला, तर पहिल्याच हाताला कल्की आला आणि निसटला. घोड्याचं डोकं एका खांबापाशी, स्वार दुसऱ्या खांबापाशी.

नवा आणावा, तर दशावतारांचा संच कुंभार एकत्रच भाजतो. एकटा कल्की विकला तर उरलेले नऊ कोण घेणार? आणि नऊच अवतार मांडले, तर बघणारी बाई आधी जागा मोजते आणि मग घरातली माणसं मोजते. कृष्णवेणी रडली नाही. ती तुकडे घेऊन नुसती बसून राहिली, आणि ते मला जास्त वाईट वाटलं.

तेव्हा तिचा भाऊ सेतू पुढं झाला. सेतू सिंगापूरला जहाजांच्या गोदीत कामाला होता, सुट्टीवर आला होता. भाच्यासाठी, म्हणजे वत्सले तुझ्या नवऱ्यासाठी, त्यानं हे खेळणं आणलं होतं. हयग्रीव तेव्हा पंधराचा. अर्धा दिवस त्याच्याशी झगडून त्यानं ते कपाटावर टाकलं होतं आणि गल्लीत गोट्या खेळायला निघून गेला होता. ह्या खेळण्याचं परीक्षण मी पुढं पुष्कळ केलं, पण त्या पोराच्या परीक्षणात मला एक अक्षर वाढवता आलेलं नाही.

सेतू म्हणाला, अक्का, ह्याचा माणूस होतो आणि ह्याचाच घोडा होतो. कल्की म्हणजे तरी काय, माणूस आणि घोडा. बसव.

मला विचारलं. जोड कसा बसलाय ते बघून सांगणं हाच माझा धंदा. मी ते हातात घेतलं नाही. सेतूच्या हातात असताना चारी बाजूंनी बघितलं.

समोरून माणूस. माणूस म्हणजे, माणसाचं पाप. छातीवर घोड्याचं थोबाड उलटं लटकलेलं, बाळाच्या गळ्यातल्या लाळेऱ्यासारखं. दोन खूर खांद्यांवर, दोन टाचांना. म्हणजे माणूस होताना ह्याला घोडा कुठं लपवावा ते कळलेलं नाही. जिथं जागा मिळाली तिथं कोंबलाय, दिवाळीला पाहुणे आल्यावर अंथरुणं कोंबतात तसा. पाठीमागून बघावं तर सगळं पोकळ, स्क्रूची डोकी उघडी. पुढून सेनापती आणि मागून ताटाळं. डोळे कागदाचे चिकटवलेले. एक डोळा कावेरीकडं बघतोय, एक गावाच्या दुसऱ्या अंगाच्या अरसलार नदीकडं. हातात एक तलवार दिली आहे. ती मुठीत बसत नाही. मूठ म्हणजे मूठच नव्हे, नुसतं भोक.

आमची समई बघा. पाय वेगळा, दांडी वेगळी, तबक वेगळं, वरचा हंस वेगळा. आटे फिरवले की सुटे, चिंचेनं घासा, आटे फिरवले की उभी. सून म्हातारी होईतो हलत नाही. आणि सुटे भाग पसरलेत म्हणून तिची कधी बादली झाली नाही. समई ही समईच होते. ह्याला सगळं व्हायचंय, म्हणून हा काहीच होत नाही.

आणि रूप बदलायचंच तर ते कोणापुढं सांगता? वैष्णवांच्या घरी? आमच्या पेरुमाळांनी दहा वेळा बदललं. कुठं स्क्रू दिसला का? नरसिंह घ्या. अर्धा नर, अर्धा सिंह, एकाच वेळी, आणि तेही संध्याकाळच्या घाईत. जोड दाखवा मला. वामन घ्या. एवढासा बटू आभाळाएवढा झाला, तेव्हा बळीच्या हातात कोणी आधी चित्रांचा कागद दिला नव्हता.

ह्याच्याबरोबर तो कागद होता. बाणांची चित्रं. पहिल्या चित्रात माणूस उभा, दुसऱ्यात तो वाकलेला, तिसऱ्यात त्यानं डोकं पोटात घातलंय, आणि चौथ्यात एकदम घोडा. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे काय घडलं ते चित्रकारानं बघितलेलं नाही. तो बहुधा चहाला गेला होता. सेतू तो कागद पुढं ठेवून सकाळच्या कॉफीला बसला तो पानं वाढेपर्यंत. घोडा काही होईना. एक सांधा इतका ढिला, की म्हाताऱ्याच्या दातासारखा आपोआप हलतो. दुसरा इतका घट्ट, की त्याला नारळ फोडायचा कोयता लागावा. आणि डाव्या गुडघ्याशी एक फट आहे. ती बरोबर अंगठ्याच्या मापाची केलेली आहे. गुडघा दुमडला की ती तुळसीच्या ओठांसारखी मिटते, आणि मधे जे सापडेल ते काळं-निळं. सेतूचं नख गेलं. त्यानं तमिळमध्ये दोन शब्द उच्चारले आणि कागद चुलीत टाकला.

म्हणजे लक्षात घे, वत्सले. कागद गेला. ज्यानं आणलं त्याला जमलं नाही, ज्याच्यासाठी आणलं त्यानं सोडलं. ह्याचा घोडा सिंगापूरच्या दुकानदाराखेरीज कोणी बघितलेला नव्हता. मग बसवलं तसंच, माणूस म्हणून. दहावा अवतार. कलश ठेवला. आणि कलश ठेवल्यावर विजयादशमीपर्यंत कोलूतल्या बाहुलीला हात लावायचा नाही, हा नियम तुझ्या माहेरीही असेल.

"आहे," वत्सला म्हणाली.

आता ह्या वस्तूचा शहाणपणा बघ. हिच्या अंगी एकच गुण, की ही बदलते. तेही होत नाही. आणि आता ती अशा जागी बसली, जिथं बदलायची मनाई. दुकानातल्या दुकानात खेळावं, बाहेर आणल्यावर बघत बसावं.

पहिल्याच दिवशी तुळसी आली. दुसऱ्या पायरीपाशी तिचे पाय थांबले.

"हा कोण? वीज मंडळाचा माणूस?"

कृष्णवेणीनं सांगितलं, की सासूबाईंचा कल्की तिच्या हातून पडला. लपवलं नाही, काही नाही. तुळसी म्हणाली, छान. मांडलेला कोलू मी हलवणार नाही, मलाही पापपुण्य कळतं. विजयादशमीला कलश हलला की पेटारा माझ्याबरोबर बसमध्ये. आणि ती मुक्कामाला राहिली. राहिली म्हणजे ठाण मांडलं. येणाऱ्या प्रत्येक बाईला सुंडलाचा, म्हणजे प्रसादाच्या हरभऱ्याच्या उसळीचा, द्रोण हातात द्यायच्या आधी ती म्हणायची, बघा हो आमच्या आईचा कल्की. बाया द्रोण घ्यायच्या आणि कृष्णवेणीकडं बघायच्या. तिनं त्या दिवशी गाणं म्हटलं नाही. दर नवरात्रात म्हणते, त्या दिवशी म्हटलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसीच किंचाळली. दहाव्या जागी घोडा होता.

इथं मी कॉफीचा पेला खाली ठेवला. अशा ठिकाणी ठेवायचा असतो.

घोडा म्हणजे, पुन्हा तेच. आदल्या दिवशी माणसात घोडा शिल्लक होता, आता घोड्यात माणूस शिल्लक. पोटाखाली माणसाचं तोंड, जमिनीकडं बघतंय, आल्यागेल्याची लाज वाटावी तसं. मागचे गुडघे उलटे. चार पायांवर तोल राहत नाही म्हणून शेपटी पाचवा पाय म्हणून टेकवलेली. शेपटीवर उभा राहणारा घोडा मी आयुष्यात बघितला नाही. जत्रेतल्या फिरत्या चक्रावरचा लाकडी घोडासुद्धा एवढा लाचार नसतो. आणि तलवार? घोड्यानं तलवार कुठं धरावी? ती बाजूला पडलेली होती, जेवण झाल्यावर विसरलेल्या डावासारखी. आणि सगळ्यात मोठं अडाणीपण सांगू? कल्की घोड्यावर बसतो. हा स्वार असतो तेव्हा घोडा नाही, घोडा असतो तेव्हा स्वार नाही. हा बसणार कोणावर, स्वतःवर?

पण होता घोडाच. आणि तो करणं माणसाच्या हाताला शक्य नव्हतं. माझं सगळं म्हणणं इथंच आहे, वत्सले, नीट ऐक. चांगलं केलेलं खेळणं असतं, तर मी म्हटलं असतं कोणीतरी पोरानं फिरवलं. हे इतकं भिकार, इतकं अडेलतट्टू, की ह्याला पेरुमाळांखेरीज कोण फिरवणार? आणि त्यांनाही रात्र लागली.

तिसऱ्या दिवशी पुन्हा माणूस. चौथ्या दिवशी पुन्हा घोडा. तुळसीचा संशय आधी सेतूवर. सेतू बायकोच्या माहेरी, मायवरमला गेलेला. मग हयग्रीववर. त्या पोरानं शपथ घेतली, की परीक्षेत पास केलंत तरी त्या वस्तूला हात लावणार नाही. कृष्णवेणीवर घ्यावा, तर तुळसी झोपत होती तीच तिच्या दाराला आडवी.

वत्सलानं मातीचा कल्की मांडीवरून बाजूला ठेवला. "काका, तुम्ही कुठं झोपत होता तेव्हा?"

"इथंच. ह्याच झोपाळ्यावर. पुरुषमाणूस घरात हवा म्हणून."

"कोलूपासून हाताच्या अंतरावर."

मी म्हटलं, झोपाळा आजोबांनी तिथं बांधला, मी नाही. शिवाय माझा उजवा अंगठा त्या नवरात्रात फडक्यात गुंडाळलेला होता, ह्याला घरदार साक्षी आहे. मला धोतराची गाठ मारता येत नव्हती, भात डाव्या हातानं खाऊ का म्हणून मी भटजींना विचारून आलो होतो. अंगठ्याशिवाय हे धूड कोण दुमडणार?

"अंगठ्याला काय झालं होतं?"

"पहिल्याच दिवशी संध्याकाळी नाच्चियारकोविलहून येत होतो. बसच्या दारात चेंगरला. कंडक्टरनं शिट्टी मारली आणि धाडकन दार ओढलं. हा असा, कोंबड्याच्या तुऱ्यासारखा सुजला. कृष्णवेणीनंच हळद बांधली. विचार तिला."

कृष्णवेणी नरसिंहाच्या आयाळीतला पेंढा काढत होती. तिचा हात जरा थांबला. "बांधली होती," एवढंच ती म्हणाली.

मग मी सुटलो. खरं सांगायचं तर इथून पुढं गोष्टीला उतार लागतो. थांबवायचं म्हटलं तरी थांबत नाही. बातमी गल्लीबाहेर गेली. तिरुनागेश्वरमला देवाला आलेली माणसं परतीच्या वाटेवर रिक्षा वळवून आमच्या दारी यायला लागली. सुंडलाला हरभरे पुरेनात, मग चवळी, मग मूग. शेवटी वेणुगोपाळनं दारात नुसता साखरेचा डबा घेऊन बसावं. तुळसीनं काय केलं? ह्याच्या गळ्यात दोरा बांधला आणि दुसरं टोक शेजारच्या अवताराच्या पायाला, आपली गाठ मारून. सकाळी दोरा तसाच, गाठ तीच, आणि तिच्या आत घोड्याची मान. मी त्या गाठीला हातसुद्धा लावून बघितला नाही. काही लोक चमत्कार तपासतात. मी समईवाला आहे, मला उजेड पडला की पुरे.

द्रोणातले हरभरे कमी व्हायला लागले. पायरीवर टरफलं सापडली. हे मी कोणाला सांगत नाही. घोडा म्हटला की हरभरा आलाच.

आणि मग सरस्वती पूजा. संध्याकाळची आरती. घरात मुंगीला पाय ठेवायला जागा नाही, झोपाळ्याच्या कड्यांना माणसं लोंबकळताहेत. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ह्यानं रूप बदललं. आधी शेपटी सैल पडली. शेपटी खाली ओढून डावीकडं वळवल्याशिवाय पोट उघडत नाही. मग पोट उघडलं, आतून डोकं आलं. ते थेट येत नाही, आधी मागं ढकलावं लागतं, मग टक् असा आवाज होतो आणि वर येतं. मग मागचे गुडघे, उजवा आधी. उजवा आधी घेतला नाही तर डावा अडकतो, आणि अडकला की बसा. छातीवर घोड्याचं तोंड सगळ्यात शेवटी. आणि एवढं सगळं होईपर्यंत कापराची वडी पुरली, म्हणजे बघ किती सफाई.

"तुम्ही कुठं होता, काका?"

"मागं. खांबापाशी."

"आणि टक् असा आवाज ऐकू आला? आरतीत?"

"घंटा वाजवणाऱ्याचा हात त्या क्षणी भरून आला होता."

वत्सला हसली नाही. नुसती मान हलवली, दुकानात गिऱ्हाईक 'बघते' म्हणताना हलवतं तशी. मग म्हणाली, की पुढच्या वर्षी काचेची पेटी झाली, किल्ली घरात एकाच कमरेला आली, आणि तेव्हापासून पेरुमाळांनी रूप बदलल्याचं कोणी ऐकलेलं नाही. मी म्हटलं, बाई गं, तुला काचेत कोंडून बाहेरून कुलूप लावलं, तर तू तरी काय करशील? आणि ज्या कामाला ते आले होते ते झालं होतं.

ते मात्र झालं होतं. ह्यात माझ्या पदरचं मी काही घालत नाही. विजयादशमीच्या संध्याकाळी कोलूतली एक बाहुली निजवतात. ती आडवी झाली की नवरात्र संपलं. सगळे तुळसीकडं बघत होते. तिनं ह्या प्लास्टिकच्या भुताला दोन्ही हातांत घेतलं. निजवलं, तर ह्याची पाठ सपाट नाही, तो एका कुशीला कलंडला. तिनं आपल्या पदराची घडी करून त्याच्या मानेखाली दिली. आईला शेवटी-शेवटी देत असे तशी. मग कृष्णवेणीला म्हणाली, पेटाऱ्यात कडुलिंबाचा पाला घालत जा, नाहीतर वाळवी लागते. आणि पिशवी उचलून बसला गेली. रिकाम्या हातानं. तिनं पुन्हा पेटाऱ्याचं नाव काढलं नाही, आणि त्या गल्लीत कृष्णवेणीला पुन्हा कोणी कल्की फोडणारी म्हटलं नाही.

"तर असं आहे," मी वत्सलाला म्हटलं. "तुझा कल्की सुंदर आहे. घोड्यावर स्वार आहे, तलवार मुठीत आहे, मागनं पोकळ नाही. हे जे पेटीत आहे ते खेळणं म्हणून शून्य, बाहुली म्हणून उणे. पोरानं खेळावं तर पोर कंटाळतं, बापानं खेळावं तर अंगठा जातो. मुरगाळायला कारखान्यातला माणूस लागतो आणि बघायला आंधळा. असली वस्तू माणसानं फिरवली असं जो म्हणेल, त्यानं फिरवून दाखवावी. आणि नाही फिरली, तर ती जागा तिची."

गोष्ट बसली असं मला वाटलं. समई विकली जाते तेव्हा गिऱ्हाईक एकदा तिच्या पायाला हात लावतं. वत्सलानं पेटीच्या काचेला हात लावला. म्हणाली, मला तर ह्यात काही खोट सापडत नाही, काका. सगळीच असली की एक वेगळी काढता येत नाही. मग सासूकडं वळून म्हणाली, की माझा कल्की खालच्या पायरीवर बसेल, दहावी जागा तुमची तुम्हाला राहू दे.

कृष्णवेणी उठली. नरसिंह तिनं त्याच्या जागी ठेवला. कमरेची किल्ली काढली, काचेची पेटी उघडली. ते धूड बाहेर काढलं आणि पदरानं पुसलं, हात, पाय, छातीवरचं उलटं थोबाड. मला वाटलं आता नमस्कार करील. तिनं वत्सलाच्या मांडीजवळचा मातीचा कल्की उचलला आणि दहाव्या जागी बसवला. बरोबर बसला. जरा मागं सरून बघितला, घोड्याचं तोंड किंचित उजवीकडं वळवलं.

मग ती खाली वाकली. पोरांच्या बागेत, आरशाच्या तळ्यापाशी, दोन बदकांच्या मधे तिनं बोटांनी वाळू सपाट केली. घोड्याएवढी जागा. आणि लाल-पिवळं धूड आणून माझ्या मांडीवर ठेवलं.

"घ्या भाऊजी," ती म्हणाली. "बागेत घोडा हवा. शेपटी डावीकडं, उजवा गुडघा आधी. अंगठा सांभाळा ह्या वेळी."

मी म्हटलं, अगं पण मी तर सांगितलं, माझा अंगठा बसच्या दारात—

"कुंभकोण ते नाच्चियारकोविल, मी त्या बसनं पंचवीस वर्षं जातेय, भाऊजी. त्या बसला दार कधी होतं?"